टेनस्लीपच्या उतारावर

त्या सकाळी बफलो गावच्या मुक्कामावरून निघताना डेलानं मागच्या गाडीतलं बटण तपासलं नाही.

गेले तीन महिने ती रोज तपासत होती, तेही चोरून. हार्लन पाण्याचा पाइप गुंडाळायला मोटरहोमच्या, म्हणजे त्यांच्या चाकांवरच्या घराच्या, पलीकडे गेला की ती कचरा टाकायच्या निमित्तानं मागच्या लाल गाडीत शिरायची. दुसरी चावी अर्धी फिरवायची, हिरवा दिवा बघायची आणि परत यायची. मोटरहोमवाले मागं ओढत नेलेल्या गाडीला बेडूक म्हणतात. यांची ती बेडकी. तिच्या चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळे, त्यामुळे डोंगरातल्या चिखलात ती बिनतक्रार चढायची, पण ओढून नेताना तिचे फार नखरे. नुसता गिअर न्यूट्रलला टाकून भागत नसे. पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटून देणारा खालचा डबाही मोकळा करावा लागे. त्यासाठी एक बारीक बटण होतं. पेनच्या टोकानं ते दाबून धरायचं, हिरवा दिवा लागेपर्यंत. ते राहिलं, तर गाडी वरून शहाण्यासारखी मागं येते आणि आत तिचं पोट जळत असतं.

आदल्या दिवशी हार्लननं तिला पकडलं होतं.

"काय शोधतेस गं?"

"चष्मा."

"चष्मा तुझ्या डोक्यावर आहे, डेला."

ती ओशाळून उतरली. त्याचा चेहरा मात्र लालबुंद झाला होता. "एकतीस वर्षं शाळेची बस चालवली मी. बर्फात, वादळात. एका पोराला खरचटलं नाही. आणि माझी बायको माझ्यामागं तपासणी करत फिरते!"

रात्री तो जेवलाही नाही. म्हणून आज तिनं कचऱ्याची पिशवी त्याच्याच हातात दिली आणि जाऊन आपल्या खुर्चीत बसली. त्याचा मान राखला, असं तिनं मनाला सांगितलं.

चढ संपून दोघं खिंडीच्या माथ्यावर आली तेव्हा तिला वास आला. तव्यावर तेल जास्त तापावं तसा.

"हार्लन, काहीतरी जळतंय."

"तुझ्या नाकाला काय विचारायचं! वीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात बीन्स करपवल्यास, आता सगळीकडं तोच वास येतो."

ती हसली, कारण तो हसत होता. पुष्कळ दिवसांनी हसत होता. पण तिची नजर समोरच्या छोट्या पडद्यावर गेली. मोटरहोमच्या पाठीवर कॅमेरा होता, त्यात बेडकी दिसायची. ती दिसत होती, मात्र तिच्या खालचा रस्ता धूसर होता. धूळ असेल. पण डांबरी रस्त्यावर धूळ कुठली?

"थांबव ना कुठंतरी."

"कुठं थांबवू? दिसतंय का काही?"

खरंच जागा नव्हती. टेनस्लीपची दरी सुरू झाली होती. एका अंगाला उभा कडा, दुसऱ्या अंगाला लोखंडी कठडा आणि त्यापलीकडं नुसती हवा. रस्ता वळत वळत खाली पडत होता. मागून घोडे न्यायची गाडी जोडलेला एक पिकअप येत होता. मागं सरकायचा तर प्रश्नच नव्हता. बेडकी जोडलेली असताना मोटरहोम दोन हातही मागं घेता येत नाही, जोडदांडी वाकते. फक्त पुढं जायचं, म्हणजे खाली.

पडद्यावरचा धूर आता पांढरा नव्हता.

पहिल्या मोठ्या वळणाला हार्लननं ब्रेक दाबला आणि दाबूनच ठेवला. तेरा टनांचं ते धूड कुरकुरत वळलं. पुढं सरळ उतार आला तरी त्याचा पाय ब्रेकवरच होता. डेलानं त्याच्याकडं पाहिलं. तो समोर बघत होता, पण परक्या गावात माणूस पाट्या बघतो तसा.

"गिअर," तो पुटपुटला. "डेला, कोणता गिअर?"

या माणसानं जानेवारीच्या बर्फात चाळीस पोरं घरी पोचवली होती. आणि तो तिला गिअर विचारत होता, जिनं हे वाहन जन्मात कधी चालवलं नव्हतं!

पण अकरा वर्षं ती त्याच्या शेजारी बसली होती. अकरा वर्षं प्रत्येक घाटात त्याची बडबड ऐकली होती.

"दुसरा," ती म्हणाली. आवाज कापू नये म्हणून तिनं खुर्चीची कड घट्ट धरली. "दुसऱ्यात टाक. आता ब्रेकवरचा पाय काढ."

"काढला तर पळेल ना गं!"

"नाही पळत. इंजिन धरतं, तूच सांगतोस. काढ पाय, हार्लन."

त्यानं काढला. इंजिन किंचाळलं. क्षणभर गाडी सुटल्यासारखी वाटली आणि मग तिचा वेग हळूहळू बसला. डेलानं श्वास सोडला. "आता वेग वाढला तरच दाब. दाबायचा, सोडायचा. शाब्बास."

दोन वळणं अशीच गेली. तिसऱ्यानंतर उजवीकडं खडीची लांबट मोकळी जागा दिसली. "तिथं!" ती ओरडली. तो बरोबर आत शिरला आणि थांबला.

दोघं उतरून मागं धावली. बेडकीच्या पोटाखाली, बरोबर मधोमध, एक नारिंगी जीभ वळवळत होती. अजून लहान होती. डेलानं आग विझवायचा डबा आणला, गुडघ्यांवर बसून सगळा रिकामा केला. जीभ दडली, तिनं सुस्कारा टाकला, आणि तोवर ती पुन्हा बाहेर आली, पहिल्यापेक्षा लांब. तेल ठिबकत होतं आणि जळत होतं. बेडकीच्या नाकापासून पाच फुटांवर त्यांचं घर होतं. त्याच्या पोटात तीनशे लिटर पेट्रोल आणि स्वयंपाकाचा गॅस.

"सोडवायला हवी," हार्लन म्हणाला. त्याचा आवाज एकाएकी जुना झाला होता, ड्रायव्हरचा. विजेची तार त्यानं उपटली, दोन्ही साखळ्या काढल्या. मग जोडदांडीच्या खिळ्याला हात घातला. खिळा हलेना.

"उतारामुळं बेडकी दांडीवर रेलली आहे. डेला, पुढं जाऊन बस. मी हिच्या चाकांना ठोकळे लावतो. खूण केली की ब्रेक थोडा सोडायचा. एक इंच पुढं. एकच."

"मी? हार्लन, मला नाही येत!"

"मग खिळे तू काढ, त्या आगीशेजारी. मी बसतो पुढं."

तिनं त्याच्याकडं पाहिलं. पुढं बसून तो पुन्हा कोणता गिअर विचारायला लागला तर? ती पळत जाऊन ड्रायव्हरच्या खुर्चीत चढली.

पेडल तिच्या पायाला लांब पडत होतं. समोर काचेत खडी संपत होती आणि खडीपुढं कठडा होता. आरशात हार्लनचा एक खांदा दिसत होता, बाकी धूर. तो दोन्ही गाड्यांच्या मधे उभा होता. आपला पाय घसरला, तर हे घर कठड्यावर जाईल. ठोकळा घसरला, तर बेडकी त्याला चिरडेल. आणि खूण करायची आहे हेच तो विसरला, तर आपण इथंच बसून राहू आणि तो तिथं धुरात.

त्याचा हात वर आला. तळवा उघडा, बोटं जवळ. जरासं, म्हणजे.

तिनं पाय उचलला. घर हललं. तिनं पुन्हा दाबलं. हात खाली गेला. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग खण्णकन आवाज आला आणि दुसऱ्यांदा तसाच.

"जा! डेला, जा पुढं!"

ती गेली. खडी संपेपर्यंत रांगत गेली, गाडी थांबवली, हातब्रेक ओढला आणि आरशात बघितलं. आरसाभर काळा धूर होता, आणि त्यात कुणीही नव्हतं.

"हार्लन!" उतरताना ती पायरीवरून पडली, उठली, धावली.

तो कड्याच्या बाजूला दगडावर बसला होता. उजवा तळवा वर धरून फुंकर घालत होता. मागचा पिकअपही थांबला होता; त्याचा म्हातारा ड्रायव्हर आपला विझवायचा डबा घेऊन बेडकीभोवती फिरला आणि मान हलवत परत आला.

"ही गेली बघा, वहिनी. जळू द्या. चार मैलांवर फोन लागतो, मी जाऊन अग्निशमनवाल्यांना सांगतो." त्यानं हार्लनचा हात बघितला. "आणि यांना आता चालवू देऊ नका बरं."

तो गेला. दोघं गाडीला जळताना बघत बसली. काचा तडकल्या तेव्हा डेला दचकून त्याला चिकटली.

"मी दाबलं होतं बटण," हार्लन म्हणाला. "असं वाटतंय मला. कालचं दाबलेलं आठवतंय की आजचं, ते कळत नाही."

"मी तपासायला हवं होतं."

"मी तुला ओरडलो ना." त्यानं तिच्याकडं न बघता विचारलं, "तुला कधीपासून माहीत आहे?"

"मार्च."

"मला फेब्रुवारीपासून." "शाळेचा रस्ता चुकलो एकदा. हजारो वेळा गेलेला रस्ता. घरी येऊन तुला म्हणालो, पेट्रोल भरायला थांबलो होतो."

तिला वाटलं होतं, आजची भीती ब्रेकची, धुराची, दरीची. ती भीती आता समोर जळून संपत आली होती. ही दुसरी मात्र शेजारी बसली होती आणि तिला उतार नव्हता की तळ नव्हता. तिनं त्याचा चांगला हात हातात घेतला, कारण दुसरं काय करायचं ते तिला सुचत नव्हतं.

अग्निशमनवाले येऊन गेल्यावर उरलेल्या उतारावरून मोटरहोम तिनं खाली आणलं. ताशी पंधरा मैलांनी, मागं गाड्यांची रांग लावून. हार्लन शेजारच्या खुर्चीत, हाताला ओली फडकी गुंडाळून.

"दुसरा आहे ना गं?"

"दुसराच आहे."

"मग बरोबर आहे. त्या वळणाच्या आधी दाब, वळणात नको."

गावात पेट्रोलपंपाशेजारच्या सपाट जागेवर तिनं इंजिन बंद केलं. तिला उतरायचं होतं, पण बोटं सुटेनात; स्टिअरिंगवर घट्ट आवळून बसली होती. हार्लन वाकला, आणि डाव्या हातानं तिचं एकेक बोट उलगडून सोडवू लागला.