रविवारचे प्रश्न

"पियाचेरे. मी कियामो भाविका," मोबाइलमधून पोरगी म्हणाली. गोठ्याच्या पायरीवर बसलेल्या विलासनं तेच, तसंच्या तसं म्हटलं.

"बंद करा वो ते!" जना आतून ओरडली. "सारखं वाटतं, पोरगी घरातच हाय."

"उद्या त्यो येनार हाय. पाठ व्हायला नको?"

भाविकाला जाऊन आठ दिवस झाले होते. मोहोपाड्याच्या कारखान्यात ती प्रयोगशाळेत कामाला होती. नवं यंत्र बसवायला इटलीहून मात्तेओ नावाचा तरुण आला आणि दोघांनी रविवारी कर्जतला कॉफी प्यायला भेटायचं ठरवलं. पहिलीच भेट. त्याआधी शुक्रवारी तिची स्कूटी घसरली. मोबाइलला मात्र ओरखडाही नव्हता. त्यात तिनं रविवारसाठी घोकलेली वाक्यं होती: आधी इटालियन, मग मराठी अर्थ, 'भेटून आनंद झाला, माझं नाव भाविका' असा, मग उत्तरासाठी सोडलेली जागा. त्या जागेत तिचा श्वास ऐकू यायचा. विलासला त्या श्वासाची भीती वाटायची, तरी तो फिरून फिरून तिथंच यायचा.

कडावच्या डेअरीत दुधाचं फॅट तपासण्यात वीस वर्षं गेलेल्या या माणसाला इंग्रजीही धड येत नव्हतं. पण त्या रविवारी पोरीला जी उत्तरं मिळायची होती, ती त्याला तिच्या वतीनं ऐकायची होती. बापाच्या हट्टाला औषध नसतं.

दुसऱ्या दिवशी मात्तेओ आला. सुतकाचं घर, म्हणून जनानं नुसतं पाणी दिलं. विलासनं हात जोडले आणि एका दमात म्हटलं, "पियाचेरे. मी कियामो भाविका."

मात्तेओचा चेहरा पांढराफटक पडला. घोकंपट्टीत आपण स्वतःचं नाव म्हणून पोरीचंच नाव सांगितलं, हे विलासच्या ध्यानात आलं. आता सुधारायचं कसं, तेही त्याला येत नव्हतं.

"पियाचेरे, भाविका," मात्तेओ हळूच म्हणाला.

मग विलास एकेक विचारत गेला. तू कुठला? घरी कोण कोण? तुला कशाचं हसू येतं? मात्तेओ सगळं सविस्तर सांगत होता, मध्येच डोळे पुसत होता. विलासला एक अक्षर कळलं नाही. तो प्रत्येक उत्तराला मान डोलवत राहिला.

मात्तेओ उठला. दुखवट्याला आलेला माणूस 'येतो' म्हणत नाही, घरचेही 'या' म्हणत नाहीत. एक वाक्य उरलं होतं, ते विलासनं गिळलं. पाहुणा अंगणात पोचला.

"एक ऱ्हायलं ना?" दारातून जना म्हणाली. "विचारा. तिनं विचारलंच असतं."

विलास अनवाणीच अंगणात धावला. "ती वा दी रिवेदेर्ची?" पुन्हा भेटायचं का?

मात्तेओ थांबला. त्यानं विलासचे दोन्ही हात धरले. "सी," तो म्हणाला.

तो गेल्यावर जनानं विचारलं, "काय म्हनला?"

"हो म्हनला," विलास म्हणाला, आणि नऊ दिवसांत पहिल्यांदा हमसून हमसून रडला.