अजून दीड महिना

१९५५ सालच्या थंडीत, एका गुरुवारी सकाळी, अनवरीने नवऱ्याचा सदरा बादलीत टाकण्याआधी नाकाशी धरला. लग्नाला आठ वर्षं झाली होती आणि आठ वर्षं महंमद हनीफच्या कपड्यांना एकच वास येत होता, धुराचा आणि करपलेल्या मैद्याचा. जुन्नरच्या पेठेत त्याची बेकरी होती. भट्टीच्या तोंडाशी कमरेएवढा खड्डा होता. त्यात उभं राहून पाव आत सारायचं काम तो कुणाला करू देत नसे. आज सदऱ्याला साबणाचा वास होता.

दोन महिन्यांपासून हे चाललं होतं. खड्ड्यात आता चुलतभाऊ शौकत उभा राहायचा आणि हनीफ पुढे दुकानात बसायचा. भर थंडीत दोनदा गार पाण्याने अंघोळ करायचा. घट्ट विजार सोडून सैल लुंगी नेसू लागला होता. आणि दर गुरुवारी मैदा बघायला म्हणून मंचरला जायचा. मैदा मात्र पूर्वीसारखाच महिन्यातून एकदा यायचा.

सासू जैबुन्निसा हनीफच्या दुसऱ्या लग्नासाठी मंचरच्याच एका मुलीचं नाव घेत होती. मुलगी सतरा वर्षांची, घर चांगलं. रविवारी बोलणी करायला जायचं ठरलं होतं. "मूल न्हाई, तर घर कुणासाठी?" एवढंच ती म्हणायची, आणि तेही अनवरी ऐकेल अशा बेताने.

सदरा पिळून होईतो भाजीची पाटी घेऊन कुशाबाई दारात आली.

"अनवरी, लई दिवस सांगू का नको करत व्हते," ती पाटी न उतरवताच म्हणाली. "तुझा मालक मंचरला न्हाई जात. नारायणगावातच उतरतो."

"कशावरून?"

"माझ्या डोळ्यांवरून! मी बाजारात बसते तिथनं दिसतं. स्टँडच्या मागल्या बोळात शिरतो, एका माडीवर चढतो. घटकाभरानं मान खाली घालून उतरतो."

"मान खाली घालून?"

"मग काय नाचत उतरंल व्हय?"

अनवरीने हात पुसले. "आज जातीस ना बाजाराला? मी येते."

हनीफ नऊच्या गाडीने गेला होता. दोघी पुढच्या गाडीने निघाल्या. वाटेत अनवरी ती माडी मनात बघत होती. जिन्यात पायताणं असतील, वर पडदा असेल, पडद्याआडून बांगड्या वाजतील. काय बोलायचं ते ती शब्द निवडून ठेवत होती. नारायणगावात उतरल्यावर कुशाबाईने बोळाच्या तोंडाशी तिला सोडलं आणि म्हणाली, "हाक मार. धावत येते."

जिन्यात पायताणं नव्हती. वर बाक होता, औषधांचा वास होता आणि टेबलामागे पांढऱ्या मिशांचे एक डॉक्टर पितळी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले होते. हनीफ येऊन गेला होता.

"जुन्नरच्या बेकरीवाल्यांची मी," ती दारातूनच म्हणाली.

"आलात एकदाच्या!" डॉक्टरांनी डोळा काढला. "दीड वर्ष सांगतोय त्यांना, बायकोला घेऊन या म्हणून. बसा."

अनवरी बसली. दीड वर्ष हे शब्द तिच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला.

"मग त्यांनी सांगितलंच असेल तुम्हाला सगळं."

"थोडंसं," अनवरी म्हणाली. "तुमी नीट सांगा."

डॉक्टर सरळ माणूस होते. पुरुषाच्या अंगाखाली पिशवीत दोन गोळ्या असतात, त्यांत केसासारख्या बारीक नळ्या गुंडाळून ठेवलेल्या असतात, सुताच्या लडीसारख्या, असं त्यांनी सांगितलं. नळीच्या भिंतीला पेशी असतात. त्या एकीच्या दोन होतात, दोनाच्या चार, मग त्यांच्यातला ऐवज अर्धा होतो आणि त्यांना शेपूट येते. तेच बीज. मग ते दुसऱ्या एका लांब नळीत जातं, तिथे पिकतं, पोहायला लायक होतं. रोज कोट्यवधी तयार होतात. पण आज सुरू झालेलं बीज तयार होऊन बाहेर यायला तीन महिने तरी जातात.

"आणि ते पोटाच्या बाहेर का ठेवलंय देवानं? गारवा लागतो म्हणून. अंगातली ऊबसुद्धा त्याला जास्त होते. तुमचे यजमान बारा वर्षं भट्टीच्या तोंडाशी कमरेपर्यंत शेकत उभे."

अनवरीने मान हलवली. तिला यातलं अवघड काहीच वाटलं नाही. बेकरीत खमिराचं मडकं भट्टीपासून लांब, पाण्याच्या रांजणाशेजारी ठेवत. उष्णता लागली की खमीर मरतं, मग पीठ फुगत नाही.

"पहिल्या तपासणीत जवळपास काही नव्हतं," डॉक्टर म्हणाले. "भट्टी सोडा म्हटलं. सोडली आत्ता दोन महिन्यांपूर्वी. लोक विचारतील का सोडली, म्हणे. आता कुठे चारदोन हलताना दिसतायत. अजून दीड महिना धीर धरा."

ती जिना उतरली. खाली कुशाबाई उभीच होती.

"कोण हाय ती?"

"कुणी न्हाई," अनवरी म्हणाली. "चल, गाडी चुकंल."

त्या दीड वर्षात काय काय झालं ते ती गाडीत बसून आठवत राहिली. कडू काढे, तीन दर्ग्यांना घातलेल्या चादरी, आणि गेल्या उन्हाळ्यात सासूने बोलावलेली सुईण. गर्भाशय गार पडलंय म्हणून तिने तापलेल्या विटेने अनवरीचं पोट शेकलं होतं. हनीफ तेव्हा ओसरीवर बसला होता. अनवरी ओरडली तेव्हा तो उठून बाहेर गेला.

रविवारी ती सासूबरोबर मंचरला गेली. पहिली बायको सोबत आली म्हणजे तिची संमती आहे, असं लोक धरून चालत. मुलगी सरबत घेऊन आली. ग्लास ठेवताना तिने अनवरीकडे चोरून पाहिलं. थोड्या वेळाने मुलीची आई नूरबी पाणी द्यायच्या निमित्ताने अनवरीला मागच्या अंगणात घेऊन गेली.

"ताई, आईबापाची शपथ घालते. खोट कुणात हाय? तुझ्यात का त्यांच्यात?"

अनवरीने तांब्या हातात धरला, पण पाणी प्यायली नाही. खरं बोललं तर उद्या सगळ्या पेठेत हनीफवर लोक हसणार होते. खोटं बोललं तर तिचं घर जाणार होतं, आणि त्या घरात ही मुलगी येणार होती.

तिने पदर बाजूला केला. बेंबीखाली विटेच्या कोपऱ्याएवढा काळपट डाग होता.

"हे औषध तुमच्या पोरीलाही देतील," ती म्हणाली. "ईदपतुर थांबा. मग तुमीच त्यांना विचारा. मला नको."

नूरबीने डाग बोटाने चाचपून पाहिला. मग आत गेली आणि जैबुन्निसाला म्हणाली, "पोर अजून कवळी हाय, आपा. रमजान होऊ द्या. ईद झाली की बघू."

घरी हनीफ वाट बघत होता. सासू नमाजाला बसली तसं त्याने हळूच विचारलं, "काय ठरलं?"

"ईदनंतर म्हणत्यात." अनवरीने त्याच्यापुढे ताट ठेवलं. "डॉक्टर म्हणाले, अजून दीड महिना."

त्याचा घास हातातच राहिला.

"अनवरी, मी सांगणारच व्हतो—"

"कवा?"

तिने वाटीत कालवण वाढलं.

पुढच्या वर्षी दिवाळीच्या सुमाराला अनवरीला मुलगी झाली. जैबुन्निसाने सुइणीला लुगडं आणि पेढे पाठवले, आणि मरेपर्यंत त्या विटेचे गुण सांगत राहिली. हनीफ ते ऐकायचा आणि उठून जायचा. मुलगी आठ दिवसांची असताना तो आणखी एकदा नारायणगावला जाऊन आला. काय विचारायला, ते त्याने सांगितलं नाही; आल्यावर मुलीचे नाक-डोळे मात्र दिव्याशी धरून निरखले. अनवरीनेही विचारलं नाही. पण त्यानंतर तिने आपलं आणि मुलीचं अंथरूण वेगळ्या खोलीत नेलं, ते कायमचं.

मंचरच्या मुलीचं लग्न खेडला झालं. तिला तीन मुलं झाली. नूरबी दर उन्हाळ्यात बटाट्याचं एक पोतं जुन्नरला पाठवायची; का, ते जैबुन्निसाला कधी कळलं नाही. शौकतचं लग्न ठरलं तेव्हा अनवरीने दुकानात उभं राहून, सगळ्यांदेखत, त्याला खड्ड्यातून वर यायला सांगितलं आणि भट्टीचं तोंड उंच बांधून घेतलं. डॉक्टर पुढे पुण्याला लेकाकडे गेले.

हनीफ १९८१ साली वारला. मुलगी तेव्हा दोन पोरांची आई होती. चाळिसाव्या दिवशी भांडी आवरताना तिने विचारलं, "अम्मी, अब्बा तुझ्याशी कसे व्हते गं?"

अनवरी परात पुसत होती. तिने ती उलटी करून भिंतीला टेकवली.

"नानकटाई लई चांगली करायचे," ती म्हणाली.