पोपटीत पाणी

खांब गावी आमच्या शेतात भात निघालं की कडवे वाल होतात, आणि शेंगा भरल्या की पोपटी लागते. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर शेंगा, मीठ, ओवा, तोंडाशी पुन्हा पाला. मग मडकं उपडं घालून भोवती जाळ करायचा. पाण्याचा थेंब घालायचा नाही, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. माझ्या धाकट्या जावेला, पूजाला, ठाऊक नव्हतं. ती पेणकडची, मिठागरवाल्यांची लेक, आणि लग्न होऊन या घरात राहिली तरी किती?

माझा दीर प्रविण अपघातात गेला तेव्हा त्यांची समीक्षा रांगत होती. पूजाने डोलवीला खोली घेतली आणि तिथल्या कंपनीतल्या कामगारांचे डबे करू लागली, तिन्ही शिफ्टचे. दुपारचे डबे गेले की रात्रपाळीची भाजी चिरायला बसायची. पोर माझ्याकडे ठेवली. मला मूल नाही. खोटं कशाला बोलू, मी सुखात होते. समी मला आये म्हणायची आणि पूजाला मम्मी. मम्मी म्हणजे कधीमधी खाऊ घेऊन येणारी आणि बसल्या जागी झोपणारी बाई.

या थंडीत पूजा शेगडीपुढेच कोसळली. डॉक्टर म्हणाले, अशीच राबलीस तर जगायची नाहीस. मी तिला घरी आणलं. सुरुवातीला नुसती झोपून होती. मग एकदा भांडी घासताना म्हणाली, "वयनी, आता एकाच शिफ्टचे डबे करीन. दोघींचं भागंल तेवढ्यात. समीला घेऊन जाते. माझी पोर मला वळखत पन नाय."

"ने की, तुजीच हाय ती," मी म्हटलं. म्हणायला काय जातं! आणि घासलेलंच पातेलं पुन्हा घासायला घेतलं.

त्याच संध्याकाळी शेतात पोपटी होती. "आज मी भरते," म्हणून पूजा हौसेने बसली. लेकीला आपल्या हातचं खाऊ घालायचं होतं. शेंगा करपू नयेत म्हणून तिने वर तांब्याभर पाणी ओतलं. आमच्या ह्यांनी मडकं उपडं केलं तर सगळं पाणी ह्यांच्या पायावर. हसून हसून सगळ्यांची मुरकुंडी वळली. पूजाही हसली.

"मम्मीला कायपन येत नाय!" समी ओरडली. "आये, तूच कर!" आणि येऊन माझ्या मांडीत बसली. पूजाचं हसू तिथेच विझलं.

सकाळी ती बॅग भरून दारात उभी. "समीला तुमच्याकडंच ऱ्हाऊ दे, वयनी. मी तिन्ही शिफ्ट परत धरते. तेवढंच येतं मला."

मी नुसतं गप्प बसायचा अवकाश होता. पोर माझीच राहिली असती, आणि ही बाई शेगडीपुढे मेली असती.

"समे, इकडं ये. मी तुजी आये नाय. काकी हाय मी तुजी. आजपासून काकीच म्हनायचं. तुजी आय ती, दारात उभी हाय."

पोरीला थट्टा वाटली. हसत गळ्यात पडायला आली. मी तिचे हात सोडवले आणि खेकसले, "जा म्हनते ना!" मी तिच्यावर असा आवाज कधी चढवला नव्हता. ती घाबरून पळाली आणि पूजाला जाऊन बिलगली. पूजाने तिला उचलून घेतलं. माझ्याकडे बघवेना तिला, आणि मलाही तिच्याकडे.

दोघी एसटीने गेल्या. आता पूजा सकाळचेच डबे करते. संध्याकाळी पोरीला घेऊन खाडीच्या बांधावर फिरते, तिला मिठाच्या राशी दाखवते. अंगावर मांस आलंय, फोनवरचा आवाजही खणखणीत झालाय. बरं वाटतं मला, खरंच वाटतं.

काल समीने स्वतः फोन केला. शाळेतलं सांगितलं, मैत्रिणीचं सांगितलं. मग म्हणाली, "काकी, जेवलीस का गं?"

एकदाही चुकली नाही. "व्हय गो बाय, जेवले," म्हटलं, आणि फोन ह्यांच्या हातात दिला.