जपानी गिटारचे जुने कान

जूचंद्रच्या आगरी आळीत शत्रुघ्न पाटील म्हटलं की आधी आवाज आठवायचा, मग माणूस. हळद कुणाच्याही घरची असो, मांडवात शत्रुघ्न गायला उभा राहिल्याशिवाय नवरीच्या अंगाला हळद चढत नाही, असं म्हातारे चेष्टेने म्हणत. त्याच गळ्यात गाठ निघाली. देवालाही नेमकी जागा सापडते, ती अशी. डॉक्टरांनी गाठ काढली, तिच्याबरोबर आवाजही गेला आणि मागे राहिली नुसती कुजबूज. ती ऐकायला त्याच्या बायकोला, लतिकाला, कान त्याच्या तोंडाशी न्यावा लागे. मग गाठ परत आली. आता सगळा कंठच काढावा लागेल, कुजबूजही राहणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा शत्रुघ्नने त्यांना हात जोडले आणि लतिकाच्या कानात म्हणाला, "पोरीचं लगीन होऊ दे. मंग काय कापायचं तं कापा."

पोरगी म्हणजे दिपिका. तिची हळद महिन्यावर आली होती.

घरात एक जुनी जपानी गिटार होती. शत्रुघ्नने तरुणपणी भुईगावच्या एका बोटीवरच्या माणसाकडून घेतलेली. त्या काळी जपानने अशा स्वस्त गिटारी ढिगाने काढल्या होत्या. हिच्यावरचं कंपनीचं नाव घामाने केव्हाच पुसलं गेलं होतं. तारांखाली सोनेरी जाळीच्या दोन डब्या बसवल्या होत्या, त्यांना पिकअप म्हणतात. तारांची थरथर पकडून स्पीकरकडे धाडायची, हे त्यांचं काम. पण या डब्या जुन्या आणि आतून मोकळ्या. तारांबरोबर आसपासची खाटखूटही पकडत आणि आवाज वाढवला की कुकरसारख्या शिट्या मारत.

एका दुपारी भूपेश, त्यांचा मुलगा, कामावर गेला होता आणि दिपिका साड्यांना फॉल लावून आणायला. शत्रुघ्न गिटारवर वाकून तार पिळत होता. तार सटकली, त्याने तिला एक सणसणीत शिवी हासडली, आणि ती शिवी स्पीकरमधून खोलीभर घुमली. तांदूळ निवडणाऱ्या लतिकाच्या हातून सूप पडलं. दोघं एकमेकांकडे बघत राहिले, मग ती इतकी हसली की डोळ्यांना पदर लावावा लागला. हसण्याचं रडणं कधी झालं ते तिलाही कळलं नाही.

माइक त्यांनी आधी करून पाहिला होता. माइकवर त्याची कुजबूज सायकलच्या चाकातली हवा सुटावी तशी यायची. शेजारचं लहान पोर घाबरून रडलं, तेव्हापासून त्याने माइकला हात लावला नव्हता. गिटारचं वेगळं होतं. जाळीला ओठ टेकून बोललं की त्याच्या श्वासाबरोबर ताराही घुमायच्या आणि आवाजाला अंग यायचं, सूर यायचा. पहिला शत्रुघ्न नव्हे, पण शत्रुघ्नच.

मग रोज दुपारी तालीम. भर हळदीत गिटार वाजवणाऱ्या भूपेशसमोर जायचं, गिटारला तोंड लावायचं आणि सगळ्या गावासमोर पोरीला म्हणायचं: "दिपे, माझे बाय, सुखात नांद." एवढंच. तेवढ्यालाही दम लागायचा.

"कुनाला बोलू नको," त्याने लतिकाला बजावलं. "भूपेशला तं नायच. माझ्या आधी तोच रडंल."

लतिकाने गळ्याची शपथ घेतली. बायकांच्या पोटात गोष्ट राहत नाही म्हणणाऱ्यांनी तिला तेव्हा बघायला हवं होतं.

भूपेश वालीवच्या एका कारखान्यात कामाला होता आणि हळदीच्या मोसमात हरेशच्या बेंजो पार्टीत हीच गिटार वाजवायचा. तिच्या शिट्यांपायी त्याने बरीच बोलणी खाल्ली होती. हरेश त्याला 'कुकरवाला' म्हणायचा. बहिणीच्या हळदीत तरी हसं व्हायला नको म्हणून त्याने नवे पिकअप बसवायचं ठरवलं. हळदीच्या आदल्या दिवशी लतिकाला मांडवासाठी केळीचे खुंट सांगायला गिरीजला जायचंच होतं, तेव्हा दोघं स्कूटरवर निघाले, गिटार तिच्या मांडीवर.

"काय करनार तिला?" लतिकाने वाटेत विचारलं.

"सर्व्हिसिंग. आवाज एकदम साफ होनार, आई."

साफ म्हटल्यावर तिच्या मनात लाडू फुटले. तिला ऐकू आला तो नवऱ्याचा आवाज, खरखर गेलेला.

गिरीजचे बॅप्टिस्ट अंकल वाडीतल्या पडवीत जुनी वाद्यं दुरुस्त करायचे. त्यांनी तारा सोडल्या, पट्टी उघडली, सोल्डरचे डाग वितळवून जुन्या डब्या सोडवल्या आणि लतिकाच्या हातात दिल्या. घरच्या बाईचा हात लागला म्हणजे काम नीट होतं, असं म्हणून हसले. तिनेही त्या पदराने पुसल्या. आता त्या परत आतच जाणार, असं तिला वाटलं होतं. अंकलनी खोक्यातून नव्या काढल्या.

"या जुन्यांचे कान फार तिखट," ते म्हणाले. "घरात कोणी खोकला तरी ऐकणार. नव्या आतून मेणाने बंद असतात. त्या फक्त तारा ऐकणार, दुसरं काय बी नाय."

"बेस करा, भाऊ," लतिका म्हणाली. "उद्या सगला गाव ऐकनार हाय."

इथे तिने एक प्रश्न विचारला असता तर! पण शपथ घेतलेलं माणूस प्रश्न विचारतानाही जपतं, आणि कान तिखट म्हणजे खोडच असणार, असं तिने धरलं. एवढ्या भरवशाने कोणी आपल्याच घराला आग लावली नसेल. गिटार तिथूनच हरेशच्या टेम्पोत तालमीला गेली. घरी दिपिका जवळच होती, म्हणून शत्रुघ्नला तिने खुणेनेच सांगितलं, काम झालं, आता आणखी छान.

हळदीची संध्याकाळ. आयाबायांनी दिपिकाला पिवळी करून टाकली होती, बेंजो रंगात आला होता. भूपेशची गिटार खरंच काचेसारखी वाजत होती. दोन गाण्यांच्या मध्ये शत्रुघ्न उठला. अंगात नवा झब्बा, गळ्याभोवती रुमाल. तो भूपेशसमोर गेला, पोराच्या खांद्यावर हात ठेवून वाकला आणि ओठ तारांना लावले. लतिकाने दिपिकाचं मनगट घट्ट धरलं. "बघ आता," ती म्हणाली.

काहीच आलं नाही.

त्याच्या पाठीवरून तिला कळत होतं की तो बोलतोय. त्याने दम घेतला, परत वाकला. मानेच्या शिरा टरारून फुगल्या. स्पीकर गप्प.

"शत्रुघ्नकाका गिटारच्या पाया पडतात!" हरेश माइकवर ओरडला. "कलाकार माणूस! जोरदार टाळ्या!"

मांडव टाळ्यांनी दणाणला. दिपिकाही हसत टाळ्या वाजवू लागली. भूपेशने डोळे पुसले, वाकून बापाला नमस्कार केला. हरेशने माइक पुढे धरला. शत्रुघ्नने त्याकडे पाहिलं, मान हलवली आणि लोकांना हात जोडले. जागेवर परतताना त्याने फक्त लतिकाकडे बघितलं. राग नव्हता त्या नजरेत. राग असता तर तिने आनंदाने सोसला असता. लगेच बेंजो सुरू झाला.

पंगती उठल्यावर भूपेश आईजवळ आला. "आई, एक तरी शिटी मारली का सांग!"

"नाय रं." ती म्हणाली. "जुने परत बसतील का?"

"ते कशाला आता? अंकलनी तवाच गरम मेनात बुडवून ठेवले. कुनाला तरी कामाला येतील."

लतिका त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. किती खूश होता! त्याला सांगून जन्माचा घोर लावायचा? तिने त्याच्या कपाळावरची हळद पुसली आणि त्याला जेवायला पिटाळलं.

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. पाठवणीच्या वेळी दिपिका बापाच्या गळ्यात पडली. त्याचे ओठ हलले, पण ताशा असा कडाडत होता की कानाशी लागूनही तिला काही कळलं नाही. मंगळवारी त्याला इस्पितळात भरती व्हायचं होतं. दिपिका आईकडे वळली. "बाबा काय बोलले ग?"

लतिकाने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने मान हलवली, सांग.

"दिपे, माझे बाय, सुखात नांद," लतिका म्हणाली.

शब्द तेच होते. पण दारात उभ्या असलेल्या मावशीने, काकूने, शेजारणींनी सकाळपासून दिपिकाला तेच सांगितलं होतं, प्रत्येक नवरीला सगळे हेच सांगतात. शब्दांत काहीच नव्हतं, जे होतं ते त्याच्या आवाजात होतं.

"हो आई," दिपिका म्हणाली आणि शालू सावरत गाडीत बसली.