शेलूबाजारच्या गोदामात खो-खो

केनियाच्या मुलींचा संघ मंगरूळपीरला पोचायचा, त्याच्या आदल्या दिवशी सकाळीच वादळ आलं आणि क्रीडा संकुलाच्या हॉलवरचे पत्रे उडून पलीकडच्या हरभऱ्यात जाऊन पडले.

पौर्णिमा भगत दारात उभी राहून वर बघत राहिली. नागपुरात खो-खोची जागतिक स्पर्धा भरणार होती आणि परदेशी संघांच्या सरावासाठी विदर्भातल्या जागा ठरत होत्या. पौर्णिमा तालुक्याची खो-खो प्रशिक्षक. मंगरूळपीरची निवड व्हावी म्हणून तिनं जिल्ह्याच्या कचेरीत इतक्या खेपा घातल्या होत्या, की तिथला शिपाई तिला न विचारताच चहा सांगायचा.

"नागपूरले कळवून टाका मॅडम, जमत नाही म्हनून," संकुल सांभाळणारा संघपाल म्हणाला.

"मॅट भिजल्या का?"

"नाही. अजून ट्रकातच हायेत."

"मंग छप्पर शोधू. काढ गाडी."

जवळच्या शेलूबाजारला हायवेलगत तुरीचे व्यापारी रामराव यांचं नवं गोदाम होतं. उंच, लांबरुंद, मधे एकही खांब नाही. पण आत छतापर्यंत तुरीची पोती. रामरावांनी सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"पोरी, तुले नाही म्हनवत नाही. पन हे तूर ठेवू कुठी? माह्या डोक्यावर?"

"काका, पोरी सातासमुद्रापारून येऊन राह्यल्या. त्याइले परत पाठवू का?"

रामरावांनी पोत्यांच्या थप्पीकडे पाहिलं. तेवढ्यात त्यांची बायको प्रयागबाई पदराला हात पुसत बाहेर आली. तिनं सगळं आतून ऐकलं होतं.

"लोकाइच्या ओसऱ्या काय ओस पडल्या का?" ती नवऱ्याला म्हणाली. "पोरीबाळीच्या लग्नात पाहुने वाटून घेतो आपन, तशे पोते वाटून देऊ."

आणि खरंच तसं झालं. स्टँडवरचे जीपवाले आले, हमाल आले, समोरचा चहावालाही टपरी सोडून आला. कुणाच्या ओसरीत, कुणाच्या माडीवर, एका न्हाव्याच्या दुकानात आरशाखालीसुद्धा तूर जाऊन बसली. प्रयागबाईनं शेजारणी गोळा करून गोदाम झाडलं, तर अर्धं गाव शिंकत सुटलं.

शेवटी राहिले खो-खोचे दोन खांब. त्यांच्यासाठी फरशीत दोन खड्डे पाडायला हवे होते, आणि फरशीचा गुळगुळीतपणा तर रामराव येईल त्याला हात फिरवून दाखवायचे. मशीन हातात घेऊन संघपाल घुटमळला. रामरावांनी त्याच्याकडे पाहिलं, मग पौर्णिमाकडे, आणि तोंड फिरवून म्हणाले, "पाड बापा. मी नाही पाहत."

दुसऱ्या दिवशी केनियाच्या मुली उतरल्या, गोदामात शिरल्या आणि पहिलीच शिंकली. पाठोपाठ सगळ्या. बाहेर जमलेलं गाव आणि आतला संघ एकदमच हसले, आणि ओळख करून द्यायचं कामच उरलं नाही.

सरावाला समोर जवळच्याच किन्हीराजा गावच्या शाळेच्या मुली होत्या. वीतभर पोरी, पण पाहुण्यांना दमवून सोडलं. केनियाच्या कोच अचिएंगबाई कमरेवर हात ठेवून बघत होत्या. धावण्यात त्यांच्या मुली वाऱ्यासारख्या, पण खांबाशी आल्या की अडखळायच्या. खांब धरून सूर कसा मारायचा, ते पौर्णिमानं आपल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं, हातवारे केले, खडूनं फरशीवर काढून दाखवलं.

"मला बघायचंय," अचिएंगबाई म्हणाल्या. "करून दाखव."

 लेक झाल्यापासून पौर्णिमानं सूर मारला नव्हता.

"दाखव वो मॅडम!" दारातून प्रयागबाई ओरडली.

तिनं ओढणी कमरेला आवळली. एक केनियाची मुलगी समोर पळू लागली, खांबाला वळसा घालू लागली. पौर्णिमा धावली. डावा हात खांबाला बसला, तसं शरीर आपणहून आडवं झालं, जमीन सुटली, आणि मधल्या त्या क्षणात तिला कचेरी, पत्रे, पोती, काहीच आठवलं नाही. बोटं मुलीच्या टाचेला लागली.

धपकन ती मॅटवर पडली. कोपर खरचटलं. गोदाम शिट्ट्यांनी दणाणलं. रामरावांची शिटी सगळ्यांत मोठी होती. ती केनियाची मुलगी मागे वळली आणि हात देऊन उठवायच्या ऐवजी शेजारी लोळण घेत हसत सुटली. पौर्णिमाही उताणी पडून हसत राहिली. उठायची तिला अजिबात घाई नव्हती.