पांढराशुभ्र उत्तर विभाग

"पृथ्वीच्या पाठीवर आतड्यांनी सुखी असा प्रदेश एकच, आणि तो म्हणजे आपला उत्तर विभाग!" पोटविकारांच्या बड्या प्राध्यापकांनी जेवणाच्या टेबलावरून जगाला सांगितलं.

जग म्हणजे त्यांची बायको. ती म्हणाली, "हळू बोला. माझा भाऊ तिथूनच आलाय. पोट धरून पडलाय आत."

प्राध्यापकांनी वर्षानुवर्षं खपून देशाचा नकाशा रंगवला होता. आतड्यांना कायमची सूज आणि जखमा असलेले रोगी जिथे जास्त, तिथे लाल रंग. राजधानी लालभडक, उत्तर विभाग पांढराशुभ्र. नियम सोपा होता: ज्याचं आतडं दुर्बिणीतून पाहिलं तोच रोगी. उत्तरेत दुर्बीण नव्हती, म्हणून रोगी नव्हते. रोगी नव्हते, म्हणून दुर्बीण पाठवायचं कारण नव्हतं. नवी दुर्बीण मंजूर झाली की ती लाल भागात जाई आणि तो भाग आणखी लाल होई. या कामगिरीबद्दल प्राध्यापकांना आता सुवर्णपदक मिळायचं होतं. भाषणही तयार होतं, उत्तरेच्या हवापाण्यावर.

मेहुण्याचं तिकडे सायकलदुरुस्तीचं दुकान. वर्षभर त्याला शौचातून रक्त पडत होतं. अंगावरचे कपडे ढगळ झाले, तरी तिथला डॉक्टर "तिखट सोडा" यापलीकडे जाईना. शेवटी बहिणीने ओढून आणलं. इथे दुर्बीण घातली, तर आतडं जखमांनी भरलेलं. औषधं सुरू झाली. पण दुर्बीण अधूनमधून घालावी लागणार होती.

"भावजी, दरवेळी दुकान बंद ठेवून इतक्या लांब यायचं म्हणजे धंदा बसला माझा," मेहुणा आतल्या खोलीतून म्हणाला. "मला उत्तरेत मोजा ना. एक रोगी दिसला तर तिकडेही दुर्बीण येईल."

"सध्या तू इथे राहतोस. म्हणजे राजधानीचा रोगी. विज्ञानात नातं बघत नाहीत."

"खरंच इथे राहतो का तो?" बायकोने भाजी वाढता वाढता विचारलं. "मग राहू दे की. वहिनीला फोन करते, मुलांना घेऊन ये म्हणावं. आईलाही. तिचंही पोट हल्ली दुखतं."

प्राध्यापकांचा घास हातातच राहिला. "सासूबाईसुद्धा?"

"राजधानीच्याच होतील त्या. तुमच्याच नियमाने."

प्राध्यापक ताट सोडून उठले. शास्त्रीय पेच पडला की ते एकाच ठिकाणी चिंतन करत, आणि घरात ते ठिकाण एकच होतं. भाषणाचे कागद घेऊन ते आत गेले. बराच वेळ कागदांची सळसळ ऐकू येत राहिली. मग दारामागून धीरगंभीर आवाज आला:

"लिहा! उत्तर विभाग, रोगी एक! सत्यासाठी मी सुवर्णपदकावरही पाणी सोडतो!"

"फार उपकार झाले, भावजी," मेहुणा दाराशी वाकून, पाय आवळत म्हणाला. "आता कडी तेवढी काढता का?"