नव्या डिस्कला हळद

दिपमाला जाऊन चार महिने झाले, आणि तेव्हापासून तिच्या नवऱ्याच्या, प्रेमराजच्या तोंडून 'हं'पलीकडे शब्द फुटला नव्हता. जेवायला वाढू? हं. पंखा बंद करू? हं. लेक पुनमला धुळ्याच्या कॉलेजात नोकरी लागली. ती म्हणाली, पप्पा, आजोबांची काँटेसा मी घेऊन जाते. त्यालाही हं. आता ती गाडी म्हणजे जख्ख म्हातारी. ब्रेक दाबला की सगळ्या अंगाला कापरं भरायचं, पुढच्या चाकांतल्या ब्रेकच्या डिस्क, तव्यासारख्या लोखंडी चकत्या, झिजून पातळ झालेल्या. तेवढं मात्र त्याने मनावर घेतलं. मनावर कसलं, हातांवर घेतलं म्हणा.

रविवारी सकाळी जळगावच्या घराच्या अंगणात त्याने जॅक लावला, पुढची चाकं काढली, जुन्या डिस्क उतरवल्या. नव्या डिस्क ओट्यावर ठेवून चहाला आत गेला. परत येऊन बघतो तर दोन्हींवर हळदीकुंकवाची बोटं आणि वर गोडेतेलाचा हात! घरात नवं लोखंड आलं की त्याच्या आईला, झुंबरबाईला राहवत नाही. विळा असो, विहिरीवरची मोटर असो, आधी पूजा. पण ब्रेकला तेल म्हणजे गाडी थांबायची कशी? एरवी प्रेमराज आईवर खेकसला असता. आज त्याने चिंधी पेट्रोलमध्ये बुडवली, समोर दिसलं तेवढं पुसलं आणि डिस्क चढवल्या. पॅड बसवले, चाकं आवळली, पेडल दाबदाबून कडक केलं. काम झाल्यावर एक चक्कर मारून बघायची असते, हे पोराटोरालाही कळतं. त्याने नाही मारली. त्याला कशाचंच काही वाटत नव्हतं, खरं सांगायचं तर.

पुनमने बॅगा टाकल्या, आजीच्या पाया पडली आणि निघाली. गाडी फाटकाबाहेर वळली, तशी झुंबरबाई समाधानाने म्हणाली, "मी त्या तवासले आतला आंगले बी तेल-हयद लाई दिधं रे भाऊ. वरलं तर तू पुशी टाकं."

आतल्या अंगाला. डिस्कची ती बाजू त्याने उलटून पाहिलीच नव्हती.

गल्ली पुढे उताराची, आणि उतार थेट हायवेला भिडतो. प्रेमराज अनवाणीच धावत सुटला. "पुनम! थांब! ब्रेक नाहीये!" सगळी गल्ली दारात आली. पुनमने आरशात बाप पाहिला, ब्रेक दाबला, गाडी एका बाजूला ओढत घसरतच राहिली. तिने हँडब्रेक खेचला. हायवेच्या अलीकडे, कोपऱ्यावरच्या वाळूच्या ढिगात नाक खुपसून काँटेसा एकदाची थांबली.

त्याने दार उघडून तिला बाहेर ओढलं. तिचे हात चाचपले, डोकं चाचपलं. मग वाळूवरच बसला आणि हमसून हमसून रडला. भर रस्त्यात, चारचौघांदेखत.

"पप्पा, मला काही झालं नाही. बघा ना माझ्याकडे."

"तुझी आई गेली तेव्हा वाटलं, आता आपलं जाण्यासारखं काही उरलं नाही," तो म्हणाला. "तू आहेस हेच विसरलो होतो मी."

पुनम त्याच्याजवळ वाळूत बसली. त्याने बाहीने नाक पुसलं.

"आज जाऊ नको," तो म्हणाला. "उद्याही मी जाऊ नको म्हणेन. पण तू जा."